बीपीचा राग

वरणात मीठ कमी पडलं की आमच्या घरी ताट भिंतीवर जायचं. स्टीलचं ताट. आधी भिंतीला आपटायचं, मग फरशीवर पडून गरगर फिरायचं, आणि ते थांबेस्तोवर कोणी हूं की चूं करायचं नाही. ताट थांबलं की मायची पाळी. कधी केस धरून, कधी पाठीत बुक्की, आणि एकदा तर दाराचा अडसर काढून कमरेत. मी तेव्हा सातवीत होते. अडसर बसल्यावर माय ओरडली नाही. ती मटकन खाली बसली आणि बसल्या बसल्याच सांडलेलं वरण फडक्यानं पुसू लागली. मला बाबांचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग त्या फडक्याचा आला.

बाबा बाहेर गेले की ती मला जवळ घेऊन सांगायची, "मनावर नको घेऊ वं. त्याहिच्या डोक्यात रक्त चढते." पुढे शेजारपाजारातून बीपी हा शब्द आमच्या घरात आला आणि मायला तो फार पसंत पडला. मग कमरेत लाथ बसली तरी बीपी, कान सुजला तरी बीपी. "बीपीचा राग आहे तो, त्याहिचा नाई." मी हे खरं मानलं. शाळा संपली, लग्न झालं, केस पिकायला लागले, तरी मी हेच खरं मानत होते.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे दगडी कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होते. तिथं वर उभं राहून काम करायचं म्हणजे पायाखालीच आग, म्हणून लाकडी तळाचे बूट घालायचे. शर्ट घामानं भिजायचा, अंगावरच वाळायचा, पुन्हा भिजायचा, आणि घरी आले की पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे दिसायचे. तिथं बाल्टीत मीठ कालवून ठेवायचे आणि गिलासावर गिलास प्यायचे. जो नाही प्यायला त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायचे आणि त्याला दोघांनी धरून खाली आणावं लागायचं. म्हणजे तिथं मीठ हे औषधच होतं, त्याला मी नाव ठेवत नाही.

पण रिटायर झाल्यावर घाम गेला, मीठ नाही गेलं. भिलाई-तीनला घर बांधलं, कूलर लावला, आणि कूलरसमोर बसून हा माणूस टरबुजावर मीठ, कैरीवर मीठ, पोळीवरसुद्धा मीठ भुरभुरून खाई. ताटाजवळ मिठाची वाटी वेगळी. इथल्या लोकांसारखी सकाळी बासी खायची सवय लागली होती, रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, त्यातही चमचाभर. काही म्हटलं की एकच उत्तर, "भट्टीच्या माणसाले मीठ लागते." आमच्या गल्लीत गरम शॉपमधून, म्हणजे भट्टीच्या खात्यांतून रिटायर झालेले चार-पाच जण होते. सगळे हेच म्हणत आणि सगळ्यांच्या बायका गप्प राहत.

मग एक दिवस विहारात वंदना चालू असताना बाबांच्या नाकातून रक्ताची धार लागली. पांढऱ्या शर्टाची पुढची बाजू पूर्ण लाल. मी दुर्गला पद्मनाभपुरात राहते, स्कूटी काढून धावत आले आणि त्यांना डॉक्टरकडे नेलं. वरचा आकडा दोनशेच्या पलीकडे. डॉक्टर तरुण होता, पण नीट समजावून सांगणारा. "नमक बदन में पानी रोकता है, नसों पर ज़ोर डालता है. पोटैशियम उसी नमक को पेशाब से बाहर करता है, नसें ढीली करता है. आपके यहाँ नमक भरपूर, पोटैशियम कम. केला, दाल, हरी भाजी, नारियल पानी, ये सब बढ़ाइए. इनकी किडनी मैंने जाँच ली है, ठीक है, इसलिए बोल रहा हूँ." गोळ्याही लिहून दिल्या.

बाबा बाहेर गेल्यावर मी थांबले. विचारलं, "और गुस्सा? गुस्सा भी बीपी से ही है न?"

तो हसला. म्हणाला, "देखते हैं."

मी त्या "देखते हैं"चा अर्थ "हो" असाच धरला. परत येताना मनाशी पक्कं केलं की बीपी उतरला म्हणजे हात उतरेल. खरं सांगायचं तर बाबा जगतात की मरतात याची मला तेवढी पडलेली नव्हती. मायला आता मार बसायला नको, एवढंच. पासष्ट वर्षांची बाई, अजून मार खाते. ते थांबवायचं होतं, आणि ते थांबवायचा रस्ता मला वाटीतल्या मिठात सापडला होता.

आता माझं सांगते. मी डबे करते, दोन्ही वेळचे. वीस वर्षं चुलीसमोर गेली आहेत. मिठासाठी मी चमचा वापरत नाही, बोटांनाच कळतं. रागही माझा काही कमी नाही. भाजीवाला सडकी वांगी घालायला लागला की मी त्याच्या टोपलीतली वांगी रस्त्यावर फेकते, हे पूर्ण पद्मनाभपुराला माहीत आहे. लोक हसून म्हणतात, बापावर गेली. मीही हसत होते.

पहिल्या दिवशी मी स्वतः जाऊन अळणी वरण, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या पानांची भाजी आणि केळं असं वाढलं. मिठाची वाटी उचलून ठेवली. बाबांनी एक घास घेतला आणि ताट सरळ माझ्या तोंडावर मारलं. कानाजवळ कड लागून रक्त आलं. "मले मारायले आली का बे? हे जेवण आहे का गवत?" मी पळून गेले नाही. तोंडावरचं वरण पुसलं आणि म्हटलं, "मारा ना. अजून मारा. बीपीच तो." आणि माय मधे येऊन उभी राहिली, तर पुढचा फटका तिला.

तेव्हा मी ठरवलं, समोरून नाही जमत तर मागून.

दुकानात बीपीवाल्यांसाठी वेगळं मीठ मिळतं. त्यात नेहमीच्या मिठाचा काही भाग काढून पोटॅशियमचं मीठ घातलेलं असतं. रंग तोच, दाणा तोच. जिभेवर मात्र मागून जरासं कडू लागतं, आणि खारटपणा थोडा कमी. दुसऱ्या कोणाच्या हातात ते पकडलं गेलं असतं. माझ्या हातात नाही. आंबट घातलं की तो कडवटपणा दबतो, हे मला पहिल्या घासातच कळलं. चिंचेचं वरण, अंबाडीची भाजी, आमचूर लावलेली भेंडी, लसणाची फोडणी दिलेली लाल भाजी. मी मायच्या बरणीतलं जुनं मीठ काढून नेलं आणि नवीन भरून ठेवलं. वाटीतही तेच. बाबांनी भातावर भुरभुरलं, खाल्लं, ढेकर दिला. मला इतकं हसू आलं की मी मोरीत जाऊन हसले.

मायला मी बजावून सांगितलं, "सगळ्याईच्या जेवणात हेच घाल. वेगळं करशीन तर त्याहिले समजते. अन् चव कमी लागली तर अजून घाल, भेऊ नको. हे चांगलं मीठ आहे."

"हौ," ती म्हणाली. ती मला कधी नाही म्हणालीच नाही. कोणालाच म्हणत नव्हती.

आणि तिचं जेवण म्हणजे काय, तर सगळ्यांचं झाल्यावर गंजाला लागलेलं. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. त्यात पाणी घालून, बोटानं पुसून, भाजीचा रस्सा पिऊन टाकायची. भुरभुरायची वाटी बाबांची होती, पण तळाचं घट्ट सगळं हिच्या पोटात.

दर आठवड्याला मी बाबांना मेडिकलच्या दुकानात नेऊन बीपी मोजून घ्यायची. चिठ्ठीवर आकडा लिहून मिळायचा. आकडा उतरत गेला. एकशे साठ, एकशे पन्नास, दुसरा महिना संपताना एकशे तीस. गोळ्यांनी, केळ्यांनी, मिठानं, कशानं का होईना, उतरला. त्या दिवशी मी सगळ्या डब्यांत फुकट खीर घातली. गिऱ्हाईकं विचारून राहिली, बाई, काय आहे आज? मी म्हटलं, खा गप.

त्या दोन महिन्यांत ताट फेकलं गेलं नाही हे खरं. मला वाटलं, जिंकले.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी गेले तर मायचा डावा डोळा बंद. पूर्ण काळा-निळा, पापणी फुगून गालावर आलेली. ओट्याखाली चहाचा गंज पडलेला, त्याला पोचा. काय झालं म्हटलं तर सांगेना. मग सांगितलं. हल्ली तिच्या पायांत जोर राहत नव्हता, हातातून वस्तू निसटायच्या. सकाळी चहा गाळताना गंज हातातून सुटला आणि गरम चहा बाबांच्या पायावर सांडला. त्यांनी तोच गंज उचलून तिच्या तोंडावर घातला.

मी बाबांच्या खिशातून चिठ्ठी काढली. आदल्या संध्याकाळचा आकडा. एकशे अठ्ठावीस.

"माय, बीपी तर बरोबर आहे यायचा. मंग कावून मारलं?"

तिनं एका डोळ्यानं चिठ्ठीकडे पाहिलं. "मशीन खोटी असंन वं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिच्यावरच ओरडले. तिच्यावर! सुजलेल्या तोंडाच्या बाईवर. "मशीन खोटी, डॉक्टर खोटा, मी खोटी, एक तो माणूसच खरा का?" मग पुढच्या खोलीत गेले. बाबा पाय पाण्यात टाकून बसले होते. मी म्हटलं, "बाबा, पुन्हा तिले हात लावला तर हात तोडून टाकीन." त्यांनी वर पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तोड. पाहू दे." डोळ्यांत लाली नाही, कपाळावर शीर नाही, आवाज चढलेला नाही. थंड डोक्यानं बोलणारा माणूस. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मीठ बदलून कशी जाईल?

त्या दिवशी मी नीट विचार करायला पाहिजे होता. राग बीपीचा नाही एवढं कळल्यावर पुढचंही कळायला पाहिजे होतं, की हिच्या हातापायांतला जोर गेला तो कशानं. पण मी रागात होते. रागात मला एकच सुचलं, हिला ताकद आली पाहिजे. आमच्याकडे अशक्तपणा म्हटलं की नारळपाणी. मी एक दिवसाआड शहाळं नेऊ लागले. केळी नेऊ लागले. टमाट्याचं सार करून समोर बसून पाजू लागले. ती म्हणायची, "नको वं, मळमळते." मी म्हणायची, "पी. बऱ्या बोलानं पी." आणि ती प्यायची, कारण बऱ्या बोलानं म्हटलं की पुढे काय असतं ते तिला ठाऊक होतं.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी बाबांचा फोन आला. "तुई माय उठून नाई राहिली."

ती ओट्यासमोर पडली होती. श्वास चालू, डोळे अर्धे उघडे, हात उचलला तर धपकन खाली. नाडी इतकी हळू की मला वाटलं, माझ्याच बोटांना लागत नाही. दवाखान्यात छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, ती पाहून डॉक्टरीणबाई धावली. एक इंजेक्शन, दुसरं इंजेक्शन, मग आत घेतलं. रक्त मशीनमधून काढून साफ करायला लागलं. तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि तिनं मला विचारलं, "इनको क्या खिला रहे थे आप लोग?"

मी यादी सांगितली. सांगताना, लाज वाटते लिहायला, पण सांगताना मला अभिमान वाटत होता. केळी, शहाळं, हिरव्या भाज्या, डाळ, आणि ते चांगलं मीठ.

तिनं डोक्याला हात लावला. "और दवाई कोई? दर्द की?"

कमरेची गोळी. दाराचा अडसर बसल्यापासून मायची कमर धरायची, ती मेडिकलवाल्याकडून गोळी आणायची. रोज एक, जास्त दुखलं की दोन. इतकी वर्षं. त्या गोळ्यांनी तिच्या किडन्या हळूहळू झिजवल्या होत्या, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं. चांगली किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते. हिची टाकू शकत नव्हती, ते रक्तात साचत गेलं, आधी हातापायांतला जोर गेला आणि मग काळीज बंद पडायला आलं. "इनकी किडनी कभी चेक नहीं कराई?" तिनं विचारलं. माझ्या पिशवीत फाईल होती. फाईलभर कागद बाबांचे होते. मायचा एकही नाही. जिला मार बसतो तिला बीपी नसतो, मग तिची तपासणी कशाला, असंच आम्ही सगळे जगलो होतो.

बाकड्यावर बाबा बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी समोर जाऊन उभी राहिले. वाटलं, रडतील. ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं मारलं तर मेली नाई. तू तीन महिन्यांत मारून टाकत होती."

मी मारलं.

एकदा नाही. पहिली थापड गालावर बसली आणि चष्मा उडाला. दुसरी तोंडावर, ओठ फुटला. मग मी पांढरे केस मुठीत धरले आणि डोकं मागच्या भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा. त्यानं हात वर केला नाही. माझ्या तोंडातून ज्या शिव्या निघाल्या त्या सगळ्या त्याच्याच होत्या, त्याच चालीत, मी त्या लहानपणापासून पाठ केल्या होत्या. गार्डनं मला मागून धरलं, एका बाईनं माझा हात पिरगाळला तेव्हा सुटले. खोटं कशाला बोलू? बरं वाटलं. हात झणझणत होता आणि बरं वाटत होतं. मग समोरच्या बाकड्यावरची एक पोरगी दिसली. सहा-सात वर्षांची असेल, आईच्या पदराआड लपून माझ्याकडे पाहत होती. मी खाली बसून चष्म्याच्या काचा वेचू लागले.

दोन दिवसांनी माय बोलू लागली. तिला आता वेगळा स्वयंपाक सांगितला होता. भाजी उकडून पाणी फेकायचं, केळं नाही, शहाळं नाही, ते मीठ तर अजिबात नाही. बाबांना जे वाढवायचं तेच हिला बंद. मी हे समजावून सांगत होते, ती मान हलवत होती. बाबा सकाळी येऊन बसून गेले होते.

"त्याहिच्या ओठाले काय झालं?" तिनं विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. "मी मारलं, माय."

ती छताकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुलेबी बीपी असंन. तपासून घे. मनावर नको घेऊ, बीपीचा राग आहे तो."

तेवढ्यात सिस्टर मायचा बीपी मोजायला आली. मी तिला म्हटलं, "मेरा भी देख दीजिए." दंडाला पट्टा बांधला, त्यात हवा भरू लागली, आणि मी मनातल्या मनात हात जोडून बसले होते की वाढलेला निघू दे. दोनशे निघू दे. मी गोळ्या खाईन, अळणी खाईन, काय म्हणाल ते करीन, पण वाढलेला निघू दे.

"एक सौ अठारह, छिहत्तर," सिस्टर म्हणाली. "एकदम नॉर्मल है दीदी." आणि पुढच्या खाटेकडे गेली.

"किती निघाला वं?" मायनं विचारलं.

"नॉर्मल आहे, माय."

तिच्या अंगावरची चादर एका बाजूला सरकली होती. ती नीट करावी म्हणून मी हात पुढे केला, आणि माझ्या मायनं सुई लावलेला हातसुद्धा उचलून, दोन्ही हात तोंडासमोर धरले.